गोडं पाणी तिसऱ्या मजल्यावर

प्लंबरने तिला आधीच सांगितलं होतं. पान्हा पिशवीत टाकता टाकता, एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून तो म्हणाला होता, "मॅडम, एक लक्षात ठेवा. या लाइनला थेट मोटर लावायची नाही. मोटर काही पाणी तयार करत नाही, शेजाऱ्याचं ओढून आणते."

"हो, हो," ती म्हणाली होती, आणि दार लावून घेतलं होतं.

प्लंबरचं ती मनावर घेत नसे, कारण हा माणूस स्वभावानेच अशुभ बोलणारा आहे, असं तिचं ठाम मत होतं. बेसिन या भिंतीवर टिकणार नाही, असं तो म्हणाला होता. गॅलरीतल्या फरशीला तडा जाणार, असंही म्हणाला होता. बेसिन पडलं आणि फरशीला तडा गेला हे खरं, पण तिने तो योगायोग मानला. ती रसायनशास्त्राची पदवीधर होती आणि दोन उदाहरणांवरून नियम बनत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

इमारत समुद्रापासून दोनशे पावलांवर. तळमजला आणि वर तीन मजले, दर मजल्यावर एकच बिऱ्हाड. तळमजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी, पहिल्यावर ही, हिचा नवरा, सासूबाई आणि दहा महिन्यांची छकुली. दुसऱ्यावर दोघंही बँकेत असलेलं एक जोडपं, आणि तिसऱ्यावर एकट्या राहणाऱ्या मास्तरीणबाई, ज्यांनी पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता. खिडकीतून बघावं तिथे पाणीच पाणी, आणि घरात बोअरवेलचं मचूळ. समुद्र आत शिरत शिरत बोअरपर्यंत पोचला होता, त्यामुळे ते पाणी धड समुद्राचं नाही आणि धड जमिनीचंही नाही, असं मधलंच काहीतरी झालं होतं.

माणूस कशालाही सरावतो. या इमारतीत भात शिजवताना कोणी मीठ घालत नसे. भाजीला नुसती मिठाची चिमूट दाखवायची. साबणाला फेस येत नसे म्हणून कपड्यांच्या मशीनमध्ये पावडर ओंजळीने टाकायची. नळांना पांढरी दाढी आलेली होती आणि ती दर रविवारी व्हिनेगरने करायची. मोठी माणसं हे सगळं सोसत होती, पण छकुलीच्या अंगावर त्या पाण्याने लाल चट्टे उठायला लागले. रात्रंदिवस खाजवून तिने कोपरं सोलून काढली. डॉक्टर म्हणाले, "औषध देतो, पण अंघोळ गोड्या पाण्याने घाला. नाहीतर मी इकडून पुसणार आणि तुम्ही तिकडून लिहिणार."

गोडं पाणी म्हणजे विकतचे जार. रोज जारने अंघोळ म्हणजे रोज जिना, रोज भांडण. त्यामुळे किनाऱ्यावर समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प सुरू होणार, तिथून टेकडीवरच्या टाकीत आणि टाकीतून गल्लोगल्ली पाइपलाइन येणार, ही बातमी आली तेव्हा इमारतीत सगळ्यांत आधी अर्ज घेऊन कोण धावलं असेल, ते सांगायला नको.

"मीठ काढलं की त्यात उरतं काय?" सेक्रेटरी म्हणाले. ते निवृत्त होते आणि कोणत्याही नव्या गोष्टीकडे आधी संशयाने बघून मग तिचं श्रेय घेत.

"पाणी उरतं, काका."

"तेच म्हणतोय. नुसतं पाणी."

सासूबाईंनी त्या प्रकल्पाचं नाव मीठकाढू कारखाना ठेवलं. "समुद्राचं पाणी पिऊन कोण तगलंय आजवर?" त्या म्हणाल्या. तिने त्यांना कागदावर चित्र काढून समजावलं. ही बारीक जाळी, इकडून दाब द्यायचा, पाणी पलीकडे जातं, मीठ अलीकडे राहतं. सासूबाईंनी चष्मा लावून चित्र नीट पाहिलं. "म्हणजे गाळणी," त्या म्हणाल्या. "एवढं शिकलीस ते गाळणी सांगायला?"

पाणी खात्याच्या कचेरीत ती सात वेळा गेली. प्रत्येक वेळी छकुलीला कडेवर घेऊन आणि प्रत्येक वेळी नवे प्रश्न वहीत लिहून. पाण्यात क्लोरिन किती? पाइप कशाचे? जोड किती वर्षं टिकतात? मोठा भूकंप झाला तर? खिडकीमागचा कारकून तिला लांबून बघून शेजारच्याला म्हणू लागला, "आली चौकशीबाई, मी जेवायला गेलोय." तिने ते एकदा स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि पुढच्या खेपेला मुद्दाम जेवणाच्या सुट्टीनंतर पाच मिनिटांनी गेली.

अर्जात एक रकाना होता, 'सध्याचा पाण्याचा स्रोत'. तिने 'बोअरवेल' लिहिलं. कारकून म्हणाला, मग नवीन जोडणी कशाला? तिने खोडून 'काही नाही' लिहिलं. तो म्हणाला, मग इतकी वर्षं जगलात कसे, खुलासा जोडा. तिने दोन पानी खुलासा जोडला. तो वाचून कारकून म्हणाला, "चांगलं लिहिता तुम्ही. पण आम्हाला एवढंच हवं होतं की बोअर बंद कराल. जुनं पाणी आणि नवं पाणी एका टाकीत मिसळायचं नाही."

तर बोअरला टाळं लागलं. गच्चीवरची जुनी टाकी क्षारांनी इतकी खाल्ली होती की उतरवताना तिचा तळ हातात आला. प्लंबर म्हणाला, अंगणात जमिनीखाली टाकी बांधा, त्यावर एक मोटर, पाणी गच्चीवर चढवा, सगळ्यांना सारखं मिळेल. पण अंगणात जिथे खणायचं, तिथे सेक्रेटरींच्या फुलझाडांच्या एकवीस कुंड्या होत्या. सभेत त्यांनी प्रत्येक कुंडीचा इतिहास सांगितला. तिसऱ्या कुंडीला दुसऱ्या मजल्याने जांभई दिली, सहाव्या कुंडीला ठराव झाला की टाकी न बांधता घरोघर थेट जोडणी घ्यावी. त्याच दिवशी प्लंबरने जाता जाता तो सल्ला दिला, ज्याला ती "हो, हो" म्हणाली.

पाणी आलं एका सोमवारी सकाळी सहाला. नळ आधी खोकला, मग शिंकला, मग धार पडली. तिने पदवी घेतल्यापासून पहिल्यांदाच विकत घेतलेलं एक वैज्ञानिक उपकरण, म्हणजे पाण्यातले क्षार मोजणारं पेनाएवढं मीटर, पेल्यात बुडवलं. जुन्या पाण्यात त्यावर हजारांत आकडा येई. आता शंभरच्या आसपास आला. तिने पुन्हा बुडवलं. मग नवऱ्याच्या कॉफीत बुडवलं, तुलनेसाठी.

"मी पीत होतो ती," नवरा म्हणाला.

"तू पी ना. मी फक्त बघतेय."

त्या दिवशी दुपारी सासूबाईंनी स्वयंपाक केला, नेहमीसारखाच, म्हणजे जवळजवळ मिठाशिवाय. नवरा सुट्टीवर होता. पहिला घास घेतला आणि तो थांबला. बायकोकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि लग्न झालेल्या माणसाच्या सावधपणाने म्हणाला, "माझं काही चुकलंय का?"

वर बँकवाल्यांकडे त्याच प्रश्नावरून अबोला सुरू झाला होता. तळमजल्यावर सेक्रेटरी बायकोला विचारत होते, मला ब्लडप्रेशर झालंय आणि तू माझ्यापासून लपवतेस का. संध्याकाळपर्यंत त्यांनी पाणी खात्याला तक्रार पाठवली, की नवीन पाणी चवीला कमी असून त्यात योग्य ती सुधारणा व्हावी. उत्तर कारकुनाच्या हस्ताक्षरात आलं: 'आपल्या पाण्यातलं मीठ काढण्यासाठी एवढा प्रकल्प उभारला आहे. ते परत घालून देण्याची सोय सध्या नाही. किराणा दुकानात चौकशी करावी.'

हे चालू असताना तीन मजल्यांवरच्या तीन मशीन ओंजळ ओंजळ पावडर पोटात घेऊन फिरायला लागल्या. नव्या पाण्याला फेस येतो, भरपूर येतो, हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. फेस झाकणातून बाहेर आला, मोरीतून खाली उतरला, आणि फेस खाली उतरला की तो जाणार कुठे? सेक्रेटरी अंघोळीला गेले ते टॉवेल गुंडाळून उलटे बाहेर आले. त्यांच्या नाहणीतून पांढरा डोंगर वर येत होता आणि अजून वाढत होता. त्यांची अशी समजूत झाली की समुद्र पाइपातून परत आला. त्यांनी अंगणात येऊन सगळ्यांना इमारत रिकामी करायला सांगितलं, टॉवेलवरच.

पण या सगळ्या गोंधळात तिने छकुलीला टबात बसवलं होतं. फेस बघून पोरगी हसली. सातव्या दिवशी चट्टे फिके झाले. दहाव्या दिवशी ती रात्रभर झोपली, आणि तिची आई चार वेळा उठून श्वास चालू आहे ना ते बघत बसली. जिन्यात भेटेल त्याला ती सांगू लागली, "खाज गेली हो आमच्या छकुलीची." मास्तरीणबाईंनाही सांगितलं. त्यांनी छकुलीचं कोपर निरखून पाहिलं, नकाशात एखादं बेट शोधावं तसं. "छान," त्या म्हणाल्या. "किनारा साफ झालाय."

मग अकराव्या दिवशी धार बारीक झाली. गल्लीत जोडण्या वाढल्या होत्या, पाणी तेवढंच होतं आणि येत होतं दीडच तास. घरातल्या माळ्यावरची छोटी टाकी अर्धीसुद्धा भरेना. टब भरायचा तर घर थांबवायला लागे. तिच्या डोळ्यांसमोर चट्टे पुन्हा उठायला लागले, प्रत्यक्षात नव्हे, पण ती डोळे मिटल्यावर जास्त स्पष्ट बघणाऱ्यांपैकी होती. त्या सकाळी ती हार्डवेअरच्या दुकानात गेली.

"थेट लाइनला चालते का?" तिने विचारलं.

"सगळेच लावतात," दुकानदार म्हणाला. या दोन शब्दांवर जगात किती मोटरी विकल्या गेल्या असतील, त्याची मोजदाद नाही.

दुकानदाराच्याच माणसाने मोटर बसवली, ओट्याखालच्या कपाटात, डब्यांच्या मागे. बटण दाबलं आणि धार अशी आली की नवरा दोन पावलं मागे सरला. "हे बरोबर आहे ना?" त्याने विचारलं. "तात्पुरतं आहे," ती म्हणाली. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी चष्मा लावून मोटर नीट पाहून घेतली.

चार दिवसांनी दुसऱ्या मजल्यावरून घरघर ऐकू आली. बँकवाल्यांनी हिच्यापेक्षा मोठी मोटर आणली होती. आठवड्याने तळमजल्यावरून आली, ती तर बोटीला शोभली असती. मग हिची धार पुन्हा बारीक झाली. आता कोणाही समंजस माणसाने इथे थांबून विचार केला असता. तिनेही केला. विचारांती तिने पाणी खात्याला तीन पानी तक्रार लिहिली: 'आमच्या इमारतीत पाण्याचा दाब संशयास्पदरीत्या कमी झाला असून यामागे काही अनधिकृत कृत्य तर नाही ना, याची कसून तपासणी व्हावी.' लिहिताना तिला स्वतःच्या मोटरीची आठवण झाली नाही असं नाही. पण ती तात्पुरती होती.

एरवी सात खेपा घालायला लावणारं खातं या वेळी तिसऱ्या दिवशी दारात हजर. तपासनीस उंच, शांत, हातात दाब मोजायचं घड्याळासारखं यंत्र आणि एक लांब लोखंडी दांडी. पाण्याची वेळ होती. दांडीचं एक टोक पाइपावर आणि दुसरं कानाला लावून तो डॉक्टरसारखा डोळे मिटून ऐकू लागला. अंगणात ऐकलं, जिन्यात ऐकलं. ती कौतुकाने मागोमाग फिरत होती आणि दांडीबद्दल प्रश्न विचारत होती. ऐकत ऐकत तो तिच्याच घरात शिरला आणि ओट्यापाशी वाकला.

"इथे काय चालू आहे?"

"मिक्सर," ती म्हणाली.

मिक्सर ओट्यावर होता. बंद होता. त्याची वायर गुंडाळलेली होती. तपासनिसाने तिच्याकडे पाहिलं नाही, हा त्याचा चांगुलपणा.

"मिक्सर नव्हे, मोटर आहे," सासूबाई आतून म्हणाल्या. "माझ्यासमोर बसवली."

कपाट उघडलं. डबे बाहेर आले. मग बाकीच्या दोन घरांतल्या कपाटांतूनही डबे बाहेर आले. सेक्रेटरी म्हणाले, ही मोटर माझी नसून मागच्या भाडेकरूची आहे. ते त्या घरात सव्वीस वर्षं राहत होते आणि भाडेकरू कधी ठेवलाच नव्हता. तपासनिसाने एक छापील अर्ज काढला, त्यात 'मोटर बसवण्याचे कारण' असा रकाना होता, दीड इंचाचा. रकाने भरण्यात आयुष्य गेलेल्या चौकशीबाईला त्यात काय लिहावं ते सुचेना.

"तिसऱ्या मजल्यावर कोण राहतं?" त्याने विचारलं.

"मास्तरीणबाई."

"त्यांच्याकडे मोटर?"

"छे, त्या तसं काही करणार नाहीत."

"मग त्यांना पाणी कसं मिळतं?"

जिन्यात सेक्रेटरी, बँकवाले दोघं, नवरा आणि ती, असे पाच जण उभे होते. पाचही जण एकमेकांकडे बघू लागले.

वर गेले. दार उघडंच होतं. दारामागे पाच लिटरचे सहा कॅन भिंतीला टेकून ओळीने ठेवलेले, त्यातले चार रिकामे. मास्तरीणबाई खुर्चीत बसल्या होत्या, गुडघ्यावर ओलं फडकं. तपासनिसाने नळाला यंत्र लावलं. खाली तिन्ही मोटरी आता बंद होत्या, म्हणून काटा जरासा थरथरला, पण जाग्यावरून हलला नाही.

"किती दिवस झाले?" त्याने विचारलं.

"नवं पाणी आल्याच्या अकराव्या दिवसापासून धार गेली," त्या म्हणाल्या. "पण अंगणातला नळ सगळ्यांत खाली ना, तिथे येतं थोडं. दोन खेपा पुरतात मला. पाणी कमी प्यायलं की भागतं."

छकुलीच्या आईला जिना आठवला. परवाच मास्तरीणबाई जिन्याच्या मधल्या पायरीवर बसलेल्या दिसल्या होत्या, बाजूला एक कॅन होता. ही छकुलीला घेऊन बाजूने पुढे गेली होती आणि जाता जाता म्हणाली होती, "बसलात होय, इथे वारा छान लागतो नाही?" त्यांना चक्कर आली होती, हे आता कळलं. दिवसाला तीन वेळा पाण्याचे क्षार मोजणारी बाई, झोपलेल्या पोरीचे श्वास मोजणारी बाई, आणि कॅन तिला दिसला नव्हता.

"सांगायचं नाही का, बाई?" ती म्हणाली.

"सांगणार होते. पण सकाळी छकुलीचं टबातलं हसणं वर ऐकू येतं. म्हटलं, लेकराची कातडी बरी होऊ दे आधी. आपल्याला काय, चार दिवस."

मग ती खाली गेली, पान्हा नव्हता म्हणून नवऱ्याच्या हातात पक्कड दिली आणि कपाटात शिरून मोटर सोडवायला लागली. पाण्याने दोघं चिंब झाली. सासूबाईंनी वर कॅन भरून पाठवले, एक मुलाबरोबर, दोन बँकवाल्यांबरोबर, आणि बोट दाखवून एक सेक्रेटरींबरोबरही. "जपून धरा," त्या म्हणाल्या, "सवय नाही तुम्हाला."

संध्याकाळी तिने प्लंबरला फोन केला. तो आला, अंगणात उभा राहिला आणि 'मी म्हटलं होतं' असं एकदाही म्हणाला नाही, त्यामुळे ते तिला रात्रभर ऐकू येत राहिलं. सभा जिन्यातच झाली. सेक्रेटरी कुंड्यांबद्दल बोलायला उभे राहिले. तिने कडेवरच्या छकुलीला नवऱ्याकडे दिलं आणि म्हणाली, "काका, एकवीसच्या एकवीस कुंड्या मी माझ्या गॅलरीत ठेवते आणि रोज पाणी घालते. पण टाकी होणार."

"सोळाव्या कुंडीला ऊन चालत नाही," सेक्रेटरी म्हणाले, पडलेल्या आवाजात.

"सोळावी सावलीत."

खणताना पहिल्या दिवशी टेलिफोनची तार तुटली, दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींचा चष्मा खड्ड्यात पडला, तिसऱ्या दिवशी कळलं की खड्डा एक हात पुढे खणायला हवा होता. खात्याने टाकीसाठी नवीन अर्ज मागितला. कारकुनाने खिडकीतून तिला पाहिलं, पण जेवायला गेला नाही. "तिसऱ्या मजल्यावरच्या बाई कशा आहेत?" त्याने विचारलं. बातमी तिथपर्यंत पोचली होती. रकाना त्यानेच भरून दिला. टाकी वाळेपर्यंत जिन्यात एक यादी चिकटवलेली असे, कोणत्या दिवशी वर कॅन कोण नेणार. यादी तिने बनवली होती, चार रंगांत, आणि त्यात बदली माणसाचाही रकाना होता.

खणायला घेतल्यापासून सतराव्या दिवशी तिचीच मोटर, आता सगळ्यांची झालेली, टाकीवर बसली. पाणी अंगणातून गच्चीवरच्या नव्या टाकीत चढलं. गच्चीवरून उतरताना पहिलं घर लागतं ते तिसऱ्या मजल्याचं. ती छकुलीला घेऊन वरच थांबली होती. मास्तरीणबाईंनी नळ उघडला. बराच वेळ नुसती हवा आली, मग तांबूस चूळ, मग स्वच्छ धार. बाईंनी ओंजळ भरून तोंडावर मारली, मग दुसरी ओंजळ प्यायल्या, सावकाश, आता कितीही प्यायलं तरी चालेल हे कळलेल्या माणसासारख्या. छकुलीने धारेत हात घातला आणि तिघींचे कपडे भिजवले.

"मॅडम, दाब बघून घ्या," प्लंबर दारातून म्हणाला. तिने या वेळी खरंच बघून घेतला, आणि मग एकेक मजला उतरत प्रत्येकाच्या दारात थांबून विचारलं, येतंय का, किती येतंय. ते विचारणं तिने अजून सोडलेलं नाही. रोज सकाळी सव्वासातला ती वर जाते. बाई म्हणतात, अगं येतंय पाणी, किती वेळा बघशील. ती म्हणते, बघून जाते हो, माझ्याच समाधानासाठी.

तुमच्या नळाला धार चांगली असेल तर फारच उत्तम. पण तुमच्या जिन्यातही सगळ्यांत वर कोणीतरी राहत असेल, जे स्वतःहून सांगणार नाही. आज पाणी सुटेल तेव्हा एकदा वर जाऊन या. दार वाजवा, नळ उघडायला सांगा, आणि त्यांनी "येतं हो" म्हटलं तरी धार डोळ्यांनी बघूनच खाली या.